विड्याच्या पानाचा देठ

भामाबाई ही पनवेलमधल्या अर्ध्या बाळंतिणींची मालीशवाली. कोळीवाड्यातून चालत यायची आणि बाळ हातात घेतलं की घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायची. डॉक्टरांपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास. मूर्खच होते मी.

२००९ साली माझी भावजय अस्मा बाळंत झाली. भाऊ कतारला, म्हणून सगळा कारभार माझ्याकडे. दुसरा दिवस संपत आला तरी बाळाला, फुजैलला, जन्मानंतरची पहिली काळी शी झाली नव्हती. मी भामाबाईला दवाखान्यातच बोलावलं. तिनं विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून हळूच शीच्या जागी लावला. भसकन शी झाली, पोट मऊ पडलं.

नर्सनं विचारलं, "बाळाला शी झाली?"

"झाली की!" मी छाती ठोकून सांगितलं. देठाचं बोलले नाही. उगाच ओरडा कोण खाणार?

घरी रोज तेच. पोट फुगायचं, देठ लावला की उतरायचं. दर वेळी गुण यायचा, म्हणून मी निर्धास्त. "आपा, हा दूध का ओढत नाही?" अस्मा विचारायची, तर मी तिलाच दटावायचे. अकराव्या दिवशी फुजैलनं हिरवी उलटी केली. पोट टम्म, आणि देठानंही काही होईना. "बाय, दवाखान्यात चल," भामाबाई म्हणाली. मग मात्र मी फुजैलला घेऊन दवाखान्यात धावले.

"पहिली शी आपोआप झाली होती?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही, देठ लावून," मी कबूल केलं.

"पोर पोटात असताना काही पेशी मानेकडून निघून आतड्यात शिरतात आणि शेवटच्या टोकापर्यंत जातात. त्यांच्याच आतड्याच्या नसा होतात. याच्या पेशी वाटेतच थांबल्या. तिथून पुढचं आतडं आवळलेलंच राहतं. देठानं ते घटकाभर सुटायचं, एवढंच. आता विष अंगात भिनतंय."

त्याला लगेच ऑपरेशनला नेलं. बाहेर मी भामाबाईला नको नको ते बोलले. तरी ती घरी गेली नाही.

दोन तासांनी डॉक्टर आले. पोटावर शीसाठी तात्पुरती वाट काढली होती. खराब तुकडा पुढे काढायचा होता. "वाचेल," ते म्हणाले. मी रडत अल्लाहचा शुक्र मानला.

भामाबाईनं डॉक्टरांची बाही धरली. "म्हंजी असा फुगनारा पोर जगतो?"

"वेळेवर आणलं तर जगतो."

"माजा पोर गणू सतराच दिस जगला," ती म्हणाली. "त्याला बी मी देठच लावत व्हते."