मालडब्याचं कुंकू

नव्वदच्या दशकातल्या एका खंडेनवमीला रहिमतपूर स्टेशनच्या बाकावर माझ्याशेजारी एक गृहस्थ बसले होते. मिशीवरून माजी सुभेदार वाटत होते. मांडीवर मालगाडीच्या डब्याचं हातभर मॉडेल. ते पुण्याच्या प्रदर्शनाला निघालं होतं. त्यावर हुबेहूब गंज चढवण्यात त्यांचा अख्खा पावसाळा गेला होता.

"आज पूजेसाठी म्हणून बायकोनं चिंच लावून घासला की वो! वर हळदी-कुंकू! आवं, असला डबा कवा रुळावर धावलाय व्हय?"

तेवढ्यात समोर मालगाडी थांबली. हमालांनी तिच्या डब्यांचीही पूजा केली होती. प्रत्येक दारावर हळदी-कुंकू.

आता हे घरी जाऊन बायकोची माफी मागणार, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा लावला आणि दोन्ही डबे आळीपाळीनं निरखले.

"बघा," ते म्हणाले, "तिनं लय वर लावलंय."