शेजारी कोण राहतं?

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी उभ्या आयुष्यात टेलिफोनची डिरेक्टरी उघडली नाही, आणि तरीही लातूर ते नांदेड या टापूत त्यांनी शोधायला घेतला आणि फोनवर आला नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. त्यांची रीत एकच. जो माणूस हवा त्याच्या नादी लागायचंच नाही, त्याच्या शेजाऱ्याला गाठायचं. उमरीच्या विहीणबाई हव्या असल्या की त्या समोरच्या पिठाच्या गिरणीत फोन लावत आणि सांगत, "भाऊ, चक्की जरा बंद करा अन् हाक मारा." चक्की बंद व्हायची. अनोळखी माणूस असला तर आधी त्याच्या आईचे गुडघे विचारत. आई कुणाचीही असो, गुडघे दुखतच असतात, असा त्यांचा अंदाज, आणि तो कधी चुकला नाही.

मी पडले नांदेडची पदवीधर सून. आमच्या डिरेक्टरीला मी खाकी कव्हर घातलं होतं, वर क्रोशाचा रुमाल. पाहुणे आले की मी ती चष्मा लावून चाळायची. चष्मा साध्या काचेचा होता. "अक्का, जग पुढं गेलंय," असं मी जाऊबाईंना सुनावायची. "जाऊ दे की," त्या म्हणायच्या, "शेजारी तर हितंच हाय ना."

मग विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. रेडिओवर किल्लारीचं नाव आलं, आणि माझा धाकटा भाऊ तिथं शाळेवर मास्तर. मी डिरेक्टरी घेऊन बसले. ज्याच्या घरी फोनच नव्हता त्याला मी आडनावाखाली शोधत होते, बोट ओलं करकरून. लातूरला अक्कांच्या भिंतीलाही तडा गेला होता, पण फोन चालू होता. त्यांनी औशाचा पेट्रोल पंप गाठला. किल्लारीकडून येणारी जीप तिथं थांबणारच. पंपवाला येईल त्या ड्रायव्हरला मास्तरांचं विचारत राहिला. दुपार कलली तेव्हा माझा फोन वाजला. "जित्ता हाय गं. पाय मोडलाय नुसता. आता ते पुस्तक मिट अन् भात टाक." पुस्तक माझ्या मांडीवर उघडं आहे हे त्यांना कसं कळलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

पुढं लातूरभर क्लासेस निघाले आणि गल्लोगल्ली आमच्याकडची पोरं दाटली. लेक फोन उचलत नाही म्हणून आया रडवेल्या व्हायच्या. अक्का मेसवालीला विचारत, "पोळ्या किती खाल्ल्या?" "चार" असं उत्तर आलं की आईला निरोप जाई, "अभ्यास बरा चालू हाय."

आता माझ्या मोबाइलमध्ये सगळ्या गोताचे नंबर आहेत आणि पाठ एकही नाही. परवा भाऊ फोन उचलेना. नात पुन्हा पुन्हा लावत बसली. मी गुपचूप अक्कांना सांगितलं. चहा होईपर्यंत उत्तर आलं. "झोपलाय. शेजारणीनं खिडकीतून घोरणं ऐकलंय." मग म्हणाल्या, "अन् मीच नाही उचलला, तर तू कुणाला विचारशील गं?"

अक्का हल्ली फ्लॅटमध्ये एकट्या असतात. त्यांच्या शेजारी कोण राहतं, मला ठाऊक नव्हतं.

रविवारी मी लातूर गाठलं आणि त्यांच्याकडे जाण्याआधी शेजारची बेल वाजवली. मुलाच्या क्लाससाठी खोल्या घेऊन राहिलेली कुणाची तरी आई होती. मी तिच्याकडे नंबर मागत होते, तेवढ्यात माझ्या पाठीमागं अक्कांचं दार उघडलं. अक्का भिंत धरून उभ्या होत्या.

"तिचा मला पाठ हाय," त्या म्हणाल्या. "तू घे लिहून."