रजेचा पत्ता

जेऊर स्टेशनवर माझी ट्रंक गाडीत चढवली तेव्हा आई रडली नाही. तिला काळजी वेगळीच होती. "तितं ज्वारी मिळंल का गं? न्हायतर उपाशी ऱ्हाशील." वडील जावयाला म्हणाले, "पोरगी चौथी शिकलीय. पत्र तेवढं लिवाय लावा की."

जावई म्हणजे साहेब, माझे यजमान. मंगळवेढ्याचे, सैन्यात नवे इंजिनियर अधिकारी. सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणू लागले.

जेऊरला राहिलेल्या माझ्या बहिणींना वाटायचं, मी बंगल्यात मजा करते. बंगला होता, पण त्यात आमचं काही नव्हतं. आमची होती ती लाकडी खोकी. काळा रंग, त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत साहेबांचं नाव, हुद्दा आणि खाली बदलीचं गाव. नवी ऑर्डर आली की पेंटर जुनं गाव घासून नवं लिहायचा. तिथे पोचलं की सामान काढायचं, रिकामी खोकी भिंतीला लावायची, वर गादी आणि चादर. झाला दिवाण. नवऱ्यामागे अशा गावोगाव फिरलेल्या बायकांना हे सांगायला नको. मात्र सीमेवर, म्हणजे फील्डवर, बदली झाली तर कुटुंब नेता येत नसे. मग मी सोलापुरात सासूबाईंजवळ राहायची.

साहेबांनी नद्यांवर पूल बांधले. पुढे बर्फाने रस्ते बंद व्हायच्या आत डोंगरावरच्या चौक्यांना पीठ, रॉकेल, औषधं पोचवायचं काम त्यांच्याकडे आलं. शेवटी दिल्लीत, तोफांच्या खरेदीत. ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, यांनी एकाही जवानाला पीठ कमी पडू दिलं नाही. घरातलं पीठ मी बघत होते. ते कुणी बोललं नाही.

सोलापुरात घर बांधलं तेव्हा साहेबांनी खोकी मोडून कपाट करायला लावलं. सुतार नको म्हणत होता. "देवदार आहे, फेकायचा नाही," साहेब म्हणाले. त्यामुळे कपाटाच्या दाराला आतून त्यांचं नाव, हुद्दा आणि शेवटचं गाव तसंच राहिलं.

आता साहेबांना आजचं काही आठवत नाही. वाचता मात्र येतं. रोज सकाळी शर्ट घ्यायला कपाट उघडतात, दार वाचतात आणि मला म्हणतात, "शांता, पॅकिंग झालं नाही अजून? ट्रक येईल." मग कपाट रिकामं करतात आणि फाटकात जाऊन उभे राहतात. एकदा एसटी स्टँडवर सापडले. पोती चुकीची रचली म्हणून कंडक्टरला झापत होते. तो बिचारा म्हणत होता, "व्हय आजोबा, तुमचंच बराबर हाय. पर आता गाडी सोडू का?"

पुण्याहून मुलगी म्हणाली, "आई, पुन्हा गेले तर इथल्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात ठेवू. तुला आवरत नाहीत." खरं आहे. मी ओरडू शकते, अडवू शकत नाही.

म्हणून दारावरची अक्षरं बुजवायला रफिक पेंटरला बोलावलं. त्याचा डबा बघताच साहेब ताठ झाले. "आलात? आधी गाव घासा. वाळू द्या, मग नवं लिहा."

"काकी, मला तर नुसता रंग मारायला बोलावलंय की," रफिक म्हणाला.

"ऑर्डर कोण देतंय इथे?"

"तुमीच साहेब, तुमीच. सांगा, गाव कुठलं लिहू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरले होते. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "शांता, ऑर्डरमध्ये काय आहे?"

"सोलापूर," मी म्हणाले. वाटलं, वाचतील आणि पोचलो म्हणून गप्प बसतील.

ते हसले. "सोलापूर कसं असेल? तो आपला रजेचा पत्ता."

दर रजेला निघताना ते ऑफिसात हाच पत्ता देत. काही झालं तर इथे कळवा. त्यांच्या हिशेबात हे घर म्हणजे रजा, आणि रजा संपली होती. रफिकने गावाची जागा काळी करून कोरी सोडली.

त्याच आठवड्यात साहेब पुन्हा गेले. मालगाडीच्या रुळांत उभे होते, हमालांनी ओढून काढलं. घरी आल्यावर मीच मुलीला फोन करून केंद्राला होकार दिला आणि रफिकला परत बोलावलं. कोऱ्या जागेवर त्याने पुणे लिहिलं.

साहेबांनी ते वाचलं आणि लगेच शर्टांच्या घड्या घालायला बसले. किती तरी दिवसांनी मला त्यांच्यावर ओरडावं लागलं नाही.

"तू तुझं सामान नाही घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"तिथे कुटुंब नेता येत नाही."

"हं. फील्ड आहे तर." त्यांनी मान हलवली. "मग तू रजेच्या पत्त्यावरच राहा. मी येईन."

मुलगी परवा गाडी घेऊन येते आहे. तिला मी केंद्रात हाच पत्ता लिहून द्यायला सांगितलंय. काही झालं तर इथे कळवा. मी आहे.