पानमळ्याच्या दाराशी
टपरीवर ओल्या फडक्यातल्या विड्याच्या पानांचा वास आला की गडचांदूरकडचा तो पानमळा आठवतो. ऐंशीच्या दशकात सिमेंट कारखान्याच्या वाढीव वसाहतीसाठी आम्ही जमीन मोजत होतो. साखळी माझ्या हातात होती. मळ्याच्या दारात म्हातारा मालक आडवा आला. "जोडे काढा साहेब, नाई त वेल जळते." मागे पानांवरची धूळ पुसणारे त्याचे मुलगे थांबले. आमचे मोजणीचे साहेब कुणापुढं वाकून बुटाच्या नाड्या सोडणारे नव्हते. "तू जा रे आत," ते माझ्यावर खेकसले. चपला काढून मी जाऊ शकलो असतो. गेलो नाही. कुणीच हललं नाही. शेवटी साहेबांनी रागारागानं खुंटी दाराबाहेरच ठोकायला लावली. वसाहतीची भिंत आजही तिथं वळते, आणि जुन्या नकाशावर त्या वळणाचं कारण माझ्या अक्षरात आहे: आत कातळ लागला.