मिस्त्री, आधी तुम्ही बसा

आमचे हे लोणावळ्याला एका मुंबईच्या साहेबांच्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. मोठी लढाई लागायच्या आधीची ही गोष्ट. बंगल्यामागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. बंगल्यातली माणसं वर्षातून थोडेच दिवस येत, त्यामुळं तिथली खरी मालकीण म्हणजे साहेबांची ती गाडी. तांबडी, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. साहेब ती शर्यतीत पळवायचे. तुम्ही तिच्याकडं जितकं बघता तितकं माझ्याकडं कधी बघितलं नाही, असं मी तोंडावर म्हणायची, आणि हे मिशीत हसायचे.

एका रविवारी साहेबांना रेल्वेत बसवून द्यायला हे स्टेशनात गेले. बाहेर टांगे आणि मोटारी उभ्या राहायच्या त्या मोकळ्या जागेत गाडी नीट कडेला लावलेली होती. गवताच्या पेंढ्या भरलेली एक लॉरी तिथं मागं मागं येत होती. पेंढ्यांमुळं तिच्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं आणि उतरून बघायचा मेल्याला कंटाळा. लॉरी सरळ गाडीवर येऊन आदळली. साहेबांना निरोप देऊन हे बाहेर येतात तर पुढचं चाक वाकडं, दिवा फुटलेला, पत्रा चुरगळलेला. ह्यांनी साहेबांना तार केली. उलट तार आली, की नीट दुरुस्त करून घे आणि शर्यतीच्या आधी मुंबईला आणून दे.

मुंबईला म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरून. माझा जीव टांगणीला लागला तो तिथून.

बाजारापलीकडं सडकेला एक गॅरेज होतं. तिथला मिस्त्री परगावचा, हाताचा चलाख आणि तोंडाचा त्याहून चलाख. आठवडाभर ठोकाठोकी चालली. मग नवा दिवा लागला, पत्रा सरळ झाला, वर रंग चढला आणि गाडी झाली, असं त्यानं जाहीर केलं. ह्यांनी सकाळी ती कामशेतपर्यंत फिरवून आणली, तेलपाण्यासाठी पुन्हा गॅरेजात सोडली आणि जेवायला घरी आले. म्हणाले, उद्या निघतो.

भाकरी मोडायला गेले आणि हात झटकन मागं घेतला. मी वाढता वाढता बघितलं. उजव्या तळहाताची सालटी निघाली होती, खाली लालभडक. डावा हात धड होता. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, काही नाही, घासलं कुठंतरी. मी काय काल जन्मले होते? माझं माहेर औंढ्याचं. आमच्या आबांच्या गाडीला एक आडमुठा बैल होता, सारखा एका अंगाला ओढायचा. बाजारातून परत आले की आबांचाही असाच एकच हात सोललेला असायचा.

खोदून खोदून विचारलं तेव्हा ह्यांनी कबूल केलं, की गाडी जरा ओढते. मिस्त्री म्हणतो, चालली की बसेल जागच्या जागी. मग त्याला पुन्हा खोलायला सांगा, असं म्हटलं, तर टोपी शोधायला लागले. आधीच गाडी आपल्या ताब्यात असताना ठोकली गेली, त्यात आणखी उशीर झाला तर साहेबांना तोंड कसं दाखवू, एवढंच पुटपुटले आणि टोपी घालून गॅरेजाकडं गेले.

मी भांडी तशीच टाकून बसले. सपाट सडकेवर हातानं धरून ठेवता येतं. घाटात दरी कधी ह्या अंगाला, कधी त्या अंगाला, आणि हात घामेजलेला. साहेबांची शर्यत, मिस्त्रीचं नाव, ह्यांची अब्रू, सगळ्यांचं सगळं संभाळायचं आणि घाटात माणूस माझा जाणार. मला इतका संताप आला की मी दाराला कडी घातली आणि निघाले.

गॅरेजात बायामाणसं जात नसत. मला बघून हे गोरेमोरे झाले. मिस्त्री फडक्यानं हात पुसत पुढं आला आणि म्हणाला, बघा वहिनी, नव्यासारखी झाली की नाही?

मी म्हणाले, "झाली ना भाऊ? मग उद्या ह्यांच्या शेजारी तुमी बसा. घाट उतरून खोपुलीपतुर."

तो हसला. हातात कामं किती आहेत ते सांगायला लागला.

"आमच्या औंढ्यात पंचमीला झाडाला झोका बांधत्यात," मी म्हणाले, "तवा जो बांधतो त्यो पयला बसतो. मग पोरी बसत्यात. गाडी तुमी बांधली. आदी तुमी बसा."

मिस्त्रीचं हसू गेलं. तो गाडीकडं बघत राहिला, माझ्याकडं बघेना. ह्यांनी दबक्या आवाजात मला घरी जायला सांगितलं. चार माणसांत बायकोनं नाक कापलं, ते ह्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी गेले.

संध्याकाळी हे आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी हे मुंबईला निघाले नाहीत, त्यावरून मी काय ते समजले. मिस्त्रीनं गाडी पुन्हा खोलली होती. पुढच्या चाकाला वळवणारा लोखंडी दांडा धडकेत वाकला होता. नवा मिळायला वेळ लागतो म्हणून त्यानं तोच भट्टीत तापवून सरळ केला होता. आता नीट घासून बघितला तर त्याला केसाएवढी चीर. हे मला बंगल्याच्या माळ्यानं सांगितलं. ह्यांनी नाही. ह्यांनी उशीर होईल म्हणून साहेबांना तार केली, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आणि माझ्याशी बोलणं टाकलं. नवा दांडा येईपर्यंत आमच्या खोलीत फक्त भांडी वाजत होती.

निघायच्या दिवशी सकाळी फाटकाशी गाडी उभी होती. धुतलेला सदरा घालून मिस्त्री आला आणि कुणी न सांगता ह्यांच्या शेजारी जाऊन बसला. हे माझ्याकडं न बघता निघाले. दांडा नवा होता, तरी माझ्या जिवाला चैन नव्हतं. दिवसभर मी फाटकाशी. वर येणाऱ्या प्रत्येक मोटारीचा आवाज ऐकला की वाटायचं, आता कोण काय सांगत येतंय.

दिवेलागणीच्या आधी मिस्त्री एका लॉरीतून उतरला. एकटाच.

"खोपोलीला उतरलो, वहिनी. गाडी सरळ गेली," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "त्यांनी निरोप दिलाय तुम्हाला. म्हणाले, घरी सांग, हात दुखत नाही."

असा एखादा शब्द घरात बोलायला काय झालं होतं मेल्या माणसाला? मी मिस्त्रीला पायरीवर बसवलं, चहा ठेवायला आत गेले, आणि दिवसभर न आलेलं रडू मला तिथं आलं.