मालवणातून स्कॉटलंडला निघालेला कागद

मालवणचं पहिलं दर्शन मला अनवाणी झालं. आगबोट बंदराबाहेर खोल पाण्यात थांबते आणि उतारूंना पडावात (माणसं किनाऱ्याला नेणाऱ्या मोठ्या होडीत) उतरावं लागतं. प्रवासासाठी खास घेतलेल्या कोल्हापुरी चपलांपैकी एक त्या उतरण्यात समुद्राला मिळाली. दुसरी मी रागाने तिच्यामागे फेकली. माझ्यामागून साठीला आलेले मॅक्रे साहेब मात्र जन्मभर हेच करत आल्यासारखे अलगद उतरले. समोरचा किल्ला, माड, वाळूवर ओढलेल्या होड्या बघत म्हणाले, "आमच्या गावची खाडी अशीच आहे. फक्त माड नाहीत आणि ऊन नाही."

साहेब आमच्या गिरणीत यंत्रांवर होते, मी तिथेच कारकून. स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली होती आणि साहेब आता कायमचे मायदेशी निघाले होते. जाण्याआधी त्यांना मुंबईबाहेरचा समुद्र बघायचा होता. माझी आई मालवणजवळच्या कट्टा गावची आणि तिचे चुलतभाऊ परुळेकर गुरुजी मालवणात, म्हणून दुभाषा म्हणून माझी वर्णी लागली. साहेबांना कामापुरतं मराठी येई. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून आपली अक्षरंही ते जुळवून वाचत. ही अक्षरांची गोष्ट मी पुढे नेमकी विसरलो.

किनाऱ्यावर रापण (वाळूवरून ओढायचं मोठं जाळं) नुकतीच लागली होती. बांगडे वेचणाऱ्या एका बाईने साहेबांकडे बघत मला विचारलं, "ह्ये खंयचे रे?"

"इंग्रज," मी म्हणालो.

साहेब वळले. "इंग्रज नाय. स्कॉटलंड."

"तां खंय आसा?"

"इंग्लंडच्या वर," मी सांगितलं.

"म्हंजे विलायतच मां ती," बाई म्हणाली आणि पुन्हा वेचायला लागली.

पुढे पानवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांशी हेच बोलणं झालं आणि दर वेळी साहेब तेच तीन शब्द बोलले. मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटायला लागला. त्यात गुरुजींच्या जुन्या वहाणा पायाला चावत होत्या.

गुरुजींच्या घरी मामींनी तिखलं (तिरफळं घातलेलं बांगड्याचं झणझणीत कालवण) केलं होतं. साहेबांनी घाम पुसत पुसत दोनदा भात मागून घेतला, त्यामुळे स्वयंपाकघरात त्यांची पत वाढली. ओटीवर मात्र तसं नव्हतं. गुरुजी बेचाळीस साली तुरुंगात जाऊन आलेले. गोऱ्या माणसाला पंगतीला बसवणं त्यांनी माझ्या आईच्या शब्दाखातर मानलं होतं, पण बोलत होते मोजकंच.

जेवणानंतर साहेबांनी मनातली गोष्ट काढली. ते घरी पोचले की त्यांच्या गावात एक सभा व्हायची होती. आमच्या देशाचा कारभार लंडनहून नको, आमचा आम्हाला द्या, अशी मागणी करणारी. लाखो लोकांनी त्यासाठी सह्या करूनही लंडनने ढुंकून पाहिलं नव्हतं. स्वतःच्या देशासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या हातच्या दोन ओळी त्यांना त्या सभेत वाचायच्या होत्या. मालवणला येण्याचं खरं कारण हे होतं.

मी सगळं सांगून वर म्हटलं, "थोडक्यात, ह्यांना स्वराज्य हवंय."

"स्वराज्य? इंग्रजाक?" गुरुजी म्हणाले, आणि मी हसलो. दुभाष्याने हसायचं नसतं. मग गुरुजीच म्हणाले, "उद्या किल्ल्यार जावया. मगे बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने सिंधुदुर्गावर गेलो. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, याचं साहेबांना भारी कौतुक वाटलं. महाराजांच्या देवळात त्यांनी बूट काढून हात जोडले. मग तटावर वाऱ्यात आम्ही तिघे बसलो आणि गुरुजी वर्गात बोलावं तशा स्वच्छ मराठीत म्हणाले, "साहेबांना विचार. हा मुलूख ज्यांनी जिंकला त्या फौजांत ह्यांचे लोक नव्हते का?"

"होते," साहेब म्हणाले. "पुष्कळ होते. ते मी लपवणार नाही."

आणि ते सांगत गेले. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांच्या मूठभर सरदारांनी आपली पार्लमेंट लंडनच्या हवाली केली, रयतेला कोणी विचारलं नाही. पुढे जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढरं परवडायला लागली. साहेबांच्या पणजोबांचं घर छपराला आग लावून रिकामं करून घेतलं. कोणी बोटीने परमुलखात गेले, कोणी पोटासाठी त्याच सरकारच्या पलटणीत. "आमचं घर गेलं म्हणून आम्ही दुसऱ्यांची घरं घ्यायला आलो," ते म्हणाले. गुरुजी मान हलवत ऐकत होते, पण पाघळले नव्हते.

मग साहेबांनी आईची आठवण सांगितली. त्यांची घरची बोली वेगळी, इंग्रजीशी नातं नसलेली. शाळेत जो ती बोलेल त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरा कोणी चुकला की तुकडा त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. आईने पुढे स्वतःच्या मुलांशी ती बोली बोलायचीच सोडली. साहेबांना त्या बोलीतलं एक अंगाईगीत तेवढं येत होतं, आणि त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

मी हे मराठीत सांगितल्यावर गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. मग माझ्याशी मालवणीत बोलले, साहेबांशी नाही. "पोर 'माका' म्हणाला काय मी छडी मारी होतंय. 'मला' म्हण, 'मला'. तीस वर्सां. पोरांचां बरां होतला म्हणान."

परतताना होडीतून उतरताना गुरुजींनी साहेबांना हात दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारची बोट. माझी बांधाबांध चालली होती, टाचेचा फोड फुटला होता आणि बंदरावरून भोंगा ऐकू आला. गुरुजी ओटीवर टाक घेऊन सकाळपासून लिहीत होते. फाडलेल्या कागदांचा ढीग पडला होता. त्यांनी मला हाक मारली.

"रे, ह्येंका नेमक्या काय म्हणतत? इंग्रज म्हटलेला चलात काय?"

मी वळकटीची दोरी आवळत होतो. मान वर न करता म्हणालो, "लिवा इंग्रज. थंय कोणाक कळतला?"

पडाव वल्हवला तेव्हा गुरुजी गुडघाभर पाण्यात उभे राहून हात हलवत होते.

बोटीवर साहेबांनी कागद उलगडला आणि अक्षरांखाली बोट ठेवून वाचायला लागले. मोत्यासारखं अक्षर होतं. 'ज्यांची बोली शाळेत मारली गेली त्यांचं दुःख मला कळतं, कारण मी मारणाऱ्यांत होतो. माझ्या इंग्रज बंधूंना त्यांचं स्वराज्य मिळो.' बोट एका शब्दापाशी थांबलं. "इं... ग्र... ज," साहेब म्हणाले, आणि त्यांनी घडी घातली.

मुंबईच्या धक्क्यावर त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. "तुमच्याकडे राहू द्या. सभेत मला हा वाचता येणार नाही."

"आमच्याकडे सगळ्या गोऱ्यांना इंग्रजच म्हणतात," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. लंडनमध्येही तसंच समजतात."

"मग तेवढा शब्द बदलून वाचा."

"त्यांनी लिहिलेला मी कसा बदलू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं की तो शब्द गुरुजींचा नव्हता, त्यांनी विचारला होता आणि मी सांगितला होता. साहेबांची बोट सुटायला पंधरा दिवस होते. एक कार्ड टाकलं असतं तर गुरुजींनी दुसरा कागद आनंदाने लिहून पाठवला असता. पण माझा आळस कबूल करावा लागला असता, आणि तेवढं मला जमलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी गुरुजींचं कार्ड आलं. 'कागद सभेत वाचला का? लोकांना पटला का?' मी उलट टपाली कळवलं, 'वाचला. टाळ्या झाल्या.' त्यांनी ते माझं कार्ड ओटीवरच्या आरशाला लावून ठेवलं होतं, असं ते गेल्यावर मामींनी सांगितलं.

कागद माझ्या कपाटात आहे. कधी काढून बघतो, तो शब्द खोडून योग्य तो लिहावा असं मनात येतं. पण माझं अक्षर तिथे वेगळं दिसेल.