मावशीच्या टाकीची किल्ली

माझ्या मावशीच्या घरून आजवर कोणी सरळ चालत गेलेलं नाही. "अजून एक घे" म्हणत ती असं वाढते की माणूस भिंतीला हात टेकत दार गाठतो. तिच्या कोंबड्याही तशाच खाऊन टुम्म, आणि इतकं खाल्लं की पुढचं ओघानं आलंच. त्या विष्ठेच्या वासानं शेजारचा शिंपी मेटाकुटीला आला होता. नवे कपडे गिऱ्हाईक नाक धरून परत आणायचं. शेवटी त्यानं बजावलं, वास गेला नाही तर तक्रार करून कोंबड्या हलवायला लावीन. कोंबड्या गेल्या तर मावशीनं खायचं काय?

म्हणून तिनं परसात गॅसची टाकी बसवून घेतली. घाण पाण्यात कालवून आत ओतायची, झाकण घट्ट लावायचं. आत वारा शिरत नाही, घाण कुजते, आणि गॅस नळीनं शेगडीला येतो. काही दिवसांनी निळी ज्योत पेटली तेव्हा मावशीला रडूच आलं. वासही गेला.

पण खोड जाते कुठे? बाईनं टाकीलाही आग्रह सुरू केला. ठरलेली एक बादली झाली की वर आणखी एक, तीही घट्ट. ज्योत मिणमिणली, विझली, आणि पहिला बरा होता असा वास सुटला. शिंपी म्हणाला, आता उद्या तक्रार.

टाकीवाल्यानं येऊन सांगितलं, हिला अजीर्ण झालंय. ही घाण मुळातच जहाल, जास्त झाली की गॅस करणारे जंतूच मरतात. आधी कडक उपास, मग रोज एकच बादली, चांगली पातळ.

"मला नाही बाई जमायचं," मावशी म्हणाली. खरंच होतं ते. तिनं झाकणाला कुलूप घातलं, तडक शिंप्याच्या दुकानात गेली आणि किल्ली त्याच्याच हातावर ठेवली.

शिंपी मापाचा पक्का. उपास संपल्यावर रोज यायचा, गळ्यातल्या टेपनं बादली मोजायचा. मावशी आणखी थोड्यासाठी गयावया करायची. तो कुलूप लावत म्हणायचा, "आज एवढंच. उद्या बघू."

ज्योत परतली तशी मावशीनं त्याला जेवायला बोलावलं. ऑमलेट त्यानं मिटक्या मारत संपवलं आणि रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला, "नको, नको." मावशीनं शेगडी बंद केली.

"आज एवढंच," ती म्हणाली. "उद्या बघू."

तक्रार राहिली बाजूलाच. दुसऱ्या दिवशी शिंपी बादली मोजायला आला तो नेमका जेवणाच्या वेळी.